मानेवर गार

कंपनीच्या पुस्तकात पान सतरावर लिहिलंय:
'पितांगा आणि संत्र्याची फुलं. हलका.
उन्हाळ्यात, रोज, कुठंही.'
बेलेमला उन्हाळा बारा महिने,
म्हणून माझा धंदा बारा महिने,
आणि वहीतली उधारी तेरा.

इथं माणसं दिवसातून तीनदा अंघोळ करतात
आणि तीनदा फवारतात.
बसवाला, शाळेतली पोरं, पाव विकणारा म्हातारा सेवेरिनो,
ज्याच्याकडे बनियन दोन आणि बाटल्या चार.
टिकत नाही, ही सगळ्यांची तक्रार.
मी म्हणते, टिकणारं हवं तर लग्नातलं घ्या,
जड, मधाळ, आपल्याआधी चारचौघांत पोचणारं.
हे पोचत नाही कुठं.
हे तुमच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत येतं
आणि तिथून परत फिरतं, शेजारणीसारखं.

एदिनेल्झा धक्क्यावर मासे साफ करते, पहाटे तीनपासून.
पिरामुताबाचं पोट एका रेघेत उघडते,
बोलणं न थांबवता.
तिला वास येत नाही.
तीन वर्षांपूर्वी तापात गेला, तो आलाच नाही.
कॉफी म्हणजे नुसतं गरम, म्हणते,
कांदा म्हणजे नुसतं डोळ्यांत पाणी.
तरी दर महिन्याला एक बाटली.
बसमध्ये शेजारची बाई उठून जाऊ नये,
एवढंच मागणं.

बाटली दिली की ती फवारून मनगट पुढे करते.
'सांग.'
पहिल्यांदा मी पान सतरा वाचून दाखवलं.
'ते मला वाचता येतं, जुसारा. तू सांग.'
मग म्हणाले, पितांगा,
बोराएवढी, भोपळ्यासारख्या रेघा पडलेली,
पण पुरती पिकायच्या आदल्या दिवशीची.
पुढच्या महिन्यात: शेजारच्या खोलीत कुणीतरी संत्रं सोलतंय
आणि तुला देणार नाहीये.
एकदा काहीच सुचेना.
म्हटलं, इस्त्रीचा फ्रॉक, खिशाला फळाचा डाग.
'कुणाचा फ्रॉक?'
तुझा.
तिनं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी.

मार्चमध्ये घरभाडं थकलं.
मी तिच्या बाटलीतलं निम्मं काढलं,
चिमुकल्या शिश्यांत भरून विकलं,
आणि वरून पाणी ओतलं. उकळलेलं, गाळलेलं.
चोरीतही स्वच्छता.
जिला वास येत नाही तिला काय कळणार,
हे वाक्य तेव्हा मी मनातसुद्धा पुरं केलं नव्हतं.
आता करते.

तिनं मानेवर फवारलं. थांबली.
पुन्हा एकदा, कानामागे.
'या खेपेला गार लागत नाहीये.'

स्पिरिट उडताना कातडीवर फुंकर बसते.
रोज ती फुंकर घेऊन ही बसमध्ये चढत होती,
आणि मला वाटत होतं, माझ्या शब्दांवर चढते.

उकाडाच किती आहे, मी म्हणाले.
'असेल,' ती म्हणाली, आणि पैसे मोजले.
पूर्ण. एका नोटेला खवलं चिकटलेलं.

दुसऱ्या पहाटे धक्क्यावर नवी बाटली घेऊन गेले.
म्हटलं, कंपनीनं बदलून दिली.
कंपनीनं आजवर कुणाला काही बदलून दिलेलं नाही,
हे तिलाही ठाऊक.
तिनं रबरी एप्रनवर हात पुसले,
मनगटावर एकदा, मानेवर एकदा.
डोळे मिटले.
मागे बर्फाचा ट्रक, गिधाडं, चढतं पाणी.
'सांग,' ती म्हणाली नाही.

मीच मनगट धरलं, नाक टेकवलं.
आधी मासा, मग लोखंड,
मग, बऱ्याच उशिरानं, दुसरं काही.
'मासा येतोय,' मी म्हणाले.
'आणि?'
'आणि थोडी पितांगा.'
'किती?'
'बसस्टॉपपर्यंत पुरेल.'